वातानुकूलन यंत्रणेची दुरुस्ती, सार्वजनिक इमारतींतील

रुग्णालय, नाट्यगृह, न्यायालय, ग्रंथालय, सरकारी कचेरी इ. सार्वजनिक वापराच्या इमारतींत हवेचे तापमान, आर्द्रता, स्वच्छता व अभिसरण यांचे नियंत्रण करणारी जी यंत्रसामग्री बसविलेली असते, ती जुनी झाल्यावर तिची कार्यक्षमता पूर्ववत करण्याच्या कामास ही संज्ञा लावतात. नादुरुस्त भाग बदलणे, साचलेले क्षार व धूळ काढणे, गळती बंद करणे, नियंत्रक उपकरणे नव्याने बसविणे आणि अखेरीस सर्व संयंत्रच बदलणे या सर्वांचा या कामात समावेश होतो. यंत्रणेच्या कार्यामागील तत्त्वांचे विवेचन ‘प्रशीतन’ व ‘वातानुकूलन’ या नोंदींत केलेले आहे. प्रस्तुत नोंदीत जुन्या यंत्रणेचे दोष व त्यांचे निवारण यांचा विचार केला असून उदाहरणे मुख्यतः मराठवाड्यातील नांदेड व लातूर या जिल्ह्यांच्या परिस्थितीवरून घेतली आहेत. तीव्र व कोरडा उन्हाळा, कठीण आणि दुर्मिळ पाणी व कमीजास्त होणारा विद्युत् दाब या तिन्ही गोष्टी येथे एकत्र आढळतात. थंड देशांतील यंत्रांसाठी लिहिलेल्या मार्गदर्शक पुस्तकांतील उपाय येथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत.

नांदेड शहर गोदावरीच्या काठी समुद्रसपाटीपासून सु. ३६० मी. उंचीवर, तर लातूर बालाघाटच्या पठारावर सु. ६३० मी. उंचीवर वसलेले आहे. एप्रिल व मे महिन्यांत दोन्ही ठिकाणी दुपारचे तापमान ४०° से. च्या वर जाते. नांदेड येथे ते काही वर्षी ४३°–४४° से. पर्यंत पोहोचते. या दिवसांत दुपारची सापेक्ष आर्द्रता २०% च्या आसपास किंवा त्याहूनही कमी असते. जूनच्या मध्यानंतर मात्र हवा दमट होते. हिवाळा सौम्य असल्यामुळे इमारती तापविण्याची गरज बहुधा पडत नाही. नवजात बालकांचे कक्ष व रुग्णालयांना लागणारे गरम पाणी एवढ्यापुरताच तापनाचा प्रश्न उरतो. तथापि तो गौण मानता येत नाही, हे पुढे दिसून येईल.

पूर्वपीठिका : १९४८ पर्यंत हा प्रदेश हैदराबाद संस्थानात होता. त्या काळातील कचेऱ्यांत जाड दगडी भिंती, उंच छत, खोल ओसरी, दारांना लावलेल्या वाळ्याच्या ताट्या आणि छताला टांगलेले, दोरीने ओढावयाचे झालरीचे पंखे यांवर गारव्याची मदार असे. यांत बिघडण्यासारखे फारसे काही नव्हते. विलिस कॅरिअर यांनी १९०२ मध्ये न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथील एका छापखान्यासाठी आधुनिक वातानुकूलन यंत्रणेचा आराखडा केला. मुंबईत १९३३ मध्ये उघडलेले रीगल हे वातानुकूलित चित्रपटगृह होते. स्वातंत्र्योत्तर काळात व्होल्टास (१९५४) आणि पुण्याची किर्लोस्कर न्यूमॅटिक (१९५८) यांसारख्या कंपन्या स्थापन झाल्या आणि प्रशीतन व वातानुकूलनाची सामग्री देशात तयार होऊ लागली. मराठवाड्यात मोठी सार्वजनिक बांधकामे त्यानंतर झाली. नांदेड येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८८ मध्ये व स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ मध्ये स्थापन झाले. लातूर जिल्हा १९८२ मध्ये अस्तित्वात आला व त्याबरोबर जिल्हा पातळीवरील कार्यालये आली. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर तेथे पुनर्बांधणीचे मोठे काम झाले. नांदेड येथे २००८ मधील गुरू-ता-गद्दी त्रिशताब्दीच्या निमित्ताने शहराचा कायापालट करणारी बांधकामे झाली. प्रत्यागामी (दट्ट्याच्या) संपीडकाचे आयुष्य १५–२० वर्षे, खिडकीतील किंवा भिंतीवरील सुट्या संचाचे सु. १० वर्षे व पत्र्याच्या वायुवाहिन्यांचे सु. ३० वर्षे धरतात. हे आकडे पाहता, या कालखंडांत बसविलेली यंत्रे दुरुस्तीच्या किंवा बदलण्याच्या वयास पोहोचली आहेत.

क्षार व पाणी : मोठ्या इमारतींत बहुधा केंद्रीय संयंत्र असते. त्यात प्रशीतकाच्या साह्याने पाणी सु. ७° से. पर्यंत थंड करून ते नळांवाटे इमारतभर फिरवितात आणि ते सु. १२.५° से. ला परत येते. इमारतीतून गोळा झालेली उष्णता संघनकात दुसऱ्या पाण्याला दिली जाते व ते पाणी गच्चीवरील शीतन मनोऱ्यात (व्यवहारात ‘कूलिंग टॉवर’) धारांनी पडताना अंशतः बाष्पीभवन पावून थंड होते. बाष्पाबरोबर क्षार जात नाहीत. परिणामी मनोऱ्यातील पाणी दिवसेंदिवस अधिकाधिक क्षारयुक्त होत जाते. दख्खनच्या काळ्या पाषाणातील विंधन विहिरींचे पाणी आधीच कठीण असते. त्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे क्षार संघनकाच्या तांब्याच्या नळ्यांत आतून बसतात. या थराची उष्णता-संवाहकता तांब्याच्या मानाने सु. दोनशे पट कमी असल्यामुळे अर्ध्या मिलिमीटरचा थरही उष्णता अडवून धरतो. संघनन तापमान १° से. ने वाढले, तर संपीडकास लागणारी वीज २–३ टक्क्यांनी वाढते. तापमान ६°–७° से. ने वाढलेले यंत्र चालू असते, वीज खात असते, पण दालने मात्र गार होत नाहीत. अशा वेळी ‘गॅस कमी झाला’ असे निदान करून प्रशीतक भरण्याचा प्रघात सर्वत्र आढळतो. प्रशीतक जास्त झाल्याने संघनकातील दाब आणखी चढतो व मूळ दोष तसाच राहून संपीडक बंद पडतो. संघनकातून बाहेर पडणारे पाणी व आतील संघनन तापमान यांतील फरक सुस्थितीत १°–३° से. असतो, तो ४°–५° से. च्या पुढे गेल्यास नळ्यांत थर बसला आहे असे समजावे. या एका मापनास काही मिनिटे लागतात, पण ते क्वचितच केले जाते.

नळ्या स्वच्छ करण्यासाठी प्रथम नायलॉनचे ब्रश फिरवितात. थर घट्ट असल्यास सल्फॅमिक अम्ल किंवा गंजरोधक द्रव्य मिसळलेले सौम्य हायड्रोक्लोरिक अम्ल ठराविक वेळ फिरवून नंतर अल्काने त्याचे उदासिनीकरण करतात. नळ्या बऱ्याच जुन्या असतील, तर अम्ल लावण्यापूर्वी त्यांच्या भित्तीची जाडी तपासणे अवश्य असते. कारण कित्येकदा क्षाराच्या थरानेच झिजलेल्या नळीतील भोक बुजलेले असते व थर निघताच पाणी प्रशीतकात शिरते. स्वच्छतेनंतर जलमृदुकरण संयंत्र बसविल्याशिवाय व मनोऱ्यातील क्षारयुक्त पाणी नियमितपणे सोडून दिल्याशिवाय केलेला खर्च दोन उन्हाळ्यांत वाया जातो.

हे सोडून द्यावयाचे पाणी हाच लातूरसारख्या ठिकाणी कळीचा मुद्दा आहे. वातानुकूलनाची क्षमता ‘टन’ या एककात मोजतात (१ टन = ताशी ३,०२४ किकॅ. किंवा ३.५१७ किवॉ. उष्णता काढून घेण्याची क्षमता). संपीडकाची उष्णता धरून दर टनास मनोऱ्यातून तासाला सु. ६.५ लि. पाण्याचे बाष्पीभवन होते. क्षारांची संहती मूळ पाण्याच्या तिपटीवर जाऊ द्यावयाची नसेल, तर आणखी सु. ३.२५ लि. पाणी सोडून द्यावे लागते. म्हणजे १०० टनांचे संयंत्र पूर्ण भारावर १० तास चालले, तर रोज सु. १०,००० लि. पाणी लागते, एका मोठ्या टँकरएवढे. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूर शहराला पाणी पुरविणारा धनेगाव येथील मांजरा प्रकल्प कोरडा पडला आणि १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पहिली पाण्याची आगगाडी लातूरला आली. तिच्या १० वाघिणींत मिळून ५ लाख लि. पाणी होते. तेवढे पाणी वरील एका संयंत्राने ५० दिवसांत संपविले असते. पुढे ५० वाघिणींच्या गाडीने एका फेरीत सु. २५ लाख लि. पाणी आणले जाऊ लागले. शहरात पिण्याच्या पाण्यासाठी रांगा लागलेल्या असताना कचेरीच्या गच्चीवर पाणी उडून जाऊ देणे कोणत्याही प्रशासनाला शक्य नसते. अशा वेळी पाण्यावर चालणारे संयंत्र उत्तम स्थितीत असूनही ते नसल्यासारखेच ठरते.

यावर उपाय म्हणजे वातशीतित संघनक. त्यात उष्णता पंख्यांच्या साह्याने थेट बाहेरच्या हवेत सोडतात व पाणी लागत नाही. पण बाहेरील हवा ४३° से. ला असताना त्यातील संघनन तापमान ५५° से. च्या पुढे जाते, तर जलशीतित संघनकात ते सु. ३८° से. राहते. त्यामुळे वातशीतित संयंत्राला दर टनास सु. ०.४ किवॉ. वीज जास्त लागते. वरील १०० टनांच्या उदाहरणात हा फरक दिवसाला सु. ४०० युनिटांचा होतो. म्हणजे जलशीतित संयंत्र एक युनिट वीज वाचविण्यासाठी सु. २५ लि. पाणी खर्च करते. औष्णिक वीजनिर्मितीलाही पाणी लागते, हे येथे विसरता येणार नाही. मराठवाड्यातीलच परळी वैजनाथ येथील औष्णिक विद्युत् केंद्र २०१३ मध्ये व पुन्हा २०१५ मध्ये पाण्याअभावी बंद ठेवावे लागले होते. तथापि औष्णिक केंद्रांसाठी २०१५ मध्ये घालून दिलेली मर्यादा युनिटामागे ३.५ लि. अशी आहे. त्या हिशेबाने जादा ४०० युनिटांसाठी अन्यत्र सु. १,४०० लि. पाणी लागते. १०,००० लिटरांच्या तुलनेत हे बरेच कमी आहे. म्हणून लातूर येथे जुने जलशीतित संयंत्र बदलताना विजेचा जादा खर्च पतकरून वातशीतित संयंत्र घेणे युक्त ठरते. सांडपाणी शुद्ध करून ते मनोऱ्यासाठी पुरविण्याची कायमची सोय असेल, तर मात्र हा निष्कर्ष बदलतो. नांदेडला गोदावरीवरील विष्णुपुरी प्रकल्पाचे पाणी उपलब्ध असल्यामुळे तेथे निर्णय इतका एकतर्फी नाही.

शीतन मनोऱ्याची स्वच्छता आणखी एका कारणाने महत्त्वाची असते. १९७६ मध्ये फिलाडेल्फिया येथील एका हॉटेलात भरलेल्या माजी सैनिकांच्या मेळाव्यात न्यूमोनियासारख्या रोगाची साथ उद्‍भवली. तिच्या शोधातून लिजिओनेला हा सूक्ष्मजंतू ज्ञात झाला. मनोऱ्यातील कोमट व शेवाळलेल्या पाण्यात तो वाढतो आणि तुषारांबरोबर पसरतो. रुग्णालयाचा मनोरा ताजी हवा घेण्याच्या झरोक्याजवळ असल्यास दुरुस्तीच्या वेळी त्यांपैकी एकाची जागा बदलावी.

हवेचा मार्ग : यंत्र उत्तम असूनही दालन गार होत नाही, याचे कारण पुष्कळदा वायुवाहिन्यांत सापडते. उन्हाळ्यात काळ्या मातीची बारीक धूळ आणि लातूरच्या डाळ गिरण्यांच्या परिसरात भुस्कट उडते. हवेच्या गाळण्या त्याने चोंदतात. गाळण्या फाटलेल्या असतील, तर ही धूळ ओल्या शीतक नळ्यांच्या पात्यांवर चिखलासारखी बसते. हवा कमी जाऊ लागली की पात्यांवर बर्फ धरतो. याचाही दोष सामान्यतः प्रशीतकाला दिला जातो. वाहिन्यांचे सांधे उकललेले असणे, निरोधक वेष्टन ओले होऊन गळून पडणे, खोट्या छताच्या वर सुटलेल्या वाहिनीने छतालाच गारवा देणे हे नित्याचे दोष होत. त्यातच पहिल्या आराखड्यानंतर इमारतीत फेरबदल झालेले असतात. एका मोठ्या दालनाचे लाकडी पडदे घालून चार कक्ष केलेले असतात आणि हवा येण्याचे झरोके एका कक्षात, तर परत जाण्याचे दुसऱ्या कक्षात राहिलेले असतात. यंत्रात कोणताही दोष नसताना एका अधिकाऱ्याला हुडहुडी भरते व शेजारच्या टेबलावरील कारकून घामाने भिजतो. प्रत्येक झरोक्यातील हवेचा वेग मोजून झडपांच्या साह्याने प्रवाहाचे संतुलन करणे, हा यावरील स्वस्त व बहुधा दुर्लक्षित उपाय आहे.

विद्युत् भाग : प्रवर्तन चलित्राची परिपीडन क्षमता दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. दाब १० टक्क्यांनी उतरल्यास ती सु. १९ टक्क्यांनी घटते, चलित्र अधिक प्रवाह खेचते व त्याची गुंडाळी तापते. तीन कलांपैकी एक खंडित झाल्यास गुंडाळी काही मिनिटांत जळते. वीज गेल्यानंतर ती परत येताच दाबाचे संतुलन होण्यापूर्वी संपीडक सुरू झाल्यानेही अशीच हानी होते. कलारोधक व विलंबकारक रिले यांची किंमत संपीडकाच्या मानाने नगण्य असते. परंतु जुन्या संयंत्रांत ते बिघडल्यावर त्यांना वगळून तारा थेट जोडलेल्या आढळतात. दुरुस्तीची पाहणी येथून सुरू करणे श्रेयस्कर असते.

निदान व भारगणन : कोणताही भाग बदलण्यापूर्वी इमारतीचा शीतन भार नव्याने मोजावा. मूळ आराखड्यानंतर दिवे, संगणक, माणसांची संख्या व भोवतालची झाडे यांत बदल झालेला असतो. गच्चीवर पांढरा परावर्तक लेप देणे, पश्चिमेच्या खिडक्यांवर छज्जे वाढविणे, दारांच्या फटी बुजविणे यांसारख्या स्थापत्य उपायांनी भार कमी करून घेतला, तर लहान क्षमतेचे यंत्र पुरते. हा क्रम उलटा झाल्यास, म्हणजे जुन्या फलकावरील टनांचा आकडा पाहून तेवढेच नवे यंत्र मागविल्यास, गरजेपेक्षा मोठे यंत्र वारंवार बंद-चालू होते व पावसाळ्यात हवेतील आर्द्रता काढू शकत नाही. भिंतींना बुरशी येते आणि अभिलेखांच्या खोलीतील कागद खराब होतात. तपासणीत शीतजलाच्या जाण्या-येण्यातील तापमानांचा फरकही पाहतात. तो ५.५° से. ऐवजी २°–३° से. असेल, तर पाणी गरजेपेक्षा जास्त फिरत आहे किंवा नळ्या मळल्या आहेत. अशा स्थितीत दुसरे संयंत्र चालू केल्याने पंपांची वीज तेवढी वाढते.

प्रशीतकाचा प्रश्न : १९८७ च्या माँट्रिऑल करारान्वये ओझोन थराला हानिकारक असलेली संयुगे टप्प्याटप्प्याने बंद करण्यात आली. भारत या करारात १९९२ मध्ये सामील झाला. आर-१२ सारख्या क्लोरोफ्ल्युओरोकार्बनांचे उत्पादन देशात २००८ मध्ये थांबले. जुन्या यंत्रांत सर्रास आढळणारे आर-२२ वापरून नवी उपकरणे बनविण्यास २०२५ च्या प्रारंभापासून मनाई आहे. दुरुस्तीसाठी अल्प प्रमाणात ते मिळत राहील. परंतु दरवर्षी गळणाऱ्या यंत्राच्या दृष्टीने त्याची किंमत व दुर्मिळता वाढतच जाणार. आर-२२ च्या यंत्रात आर-४०७सी भरता येते. त्यासाठी खनिज तेल पूर्णपणे काढून पॉलिएस्टर तेल घालावे लागते व रबरी जोड बदलावे लागतात. हे मिश्रण असल्याने गळतीत त्याचे घटक सारख्या प्रमाणात जात नाहीत, म्हणून वरचेवर भर घालणे योग्य नसते. आर-४१०ए चा दाब सु. १.६ पट असल्यामुळे ते जुन्या यंत्रात कदापि भरू नये. प्रोपेन (आर-२९०) सारखा ज्वालाग्राही वायू त्यासाठी न बनविलेल्या यंत्रात भरणे हा सार्वजनिक इमारतीत जीवघेणा प्रकार होय. गळती शोधण्यासाठी कोरड्या नायट्रोजनाचा दाब देतात. काही मिस्त्री हाताशी असलेल्या ऑक्सिजनाचा उपयोग करतात. तेलाशी संयोग होऊन त्याचा स्फोट होतो. २०१६ मध्ये किगाली येथे झालेल्या व भारताने २०२१ मध्ये अनुसमर्थन दिलेल्या दुरुस्तीनुसार हायड्रोफ्ल्युओरोकार्बनांचा वापरही २०२८ पासून गोठवून २०४७ पर्यंत ८५ टक्क्यांनी कमी करावयाचा आहे. तेव्हा आज नवे यंत्र घेताना त्यातील प्रशीतक पुढील वीस वर्षे मिळेल की नाही, हे पाहणे क्रमप्राप्त ठरते.

रुग्णालये : शस्त्रक्रियागृहातील वातानुकूलन हे रुग्णाच्या संरक्षणाचे साधन असून केवळ गारव्यासाठी नसते. तासाला किमान २० वेळा हवा बदलणे, त्यांपैकी ४ वेळा बाहेरची ताजी हवा घेणे, ०.३ मायक्रॉन आकाराचे ९९.९७% कण अडविणाऱ्या गाळण्या बसविणे आणि आतील दाब बाहेरच्यापेक्षा किंचित अधिक ठेवणे अपेक्षित असते. केंद्रीय संयंत्र बंद पडल्यावर तात्पुरता इलाज म्हणून भिंतीवर सुटे संच लावले जातात व पुढे तेच कायम होतात. असा संच आतलीच हवा पुनःपुन्हा फिरवितो. तापमान २१° से. दिसते, पण जंतूंची संख्या वाढत राहते. उलटपक्षी जुन्या यंत्रणेत केवळ सूक्ष्म गाळणी बसवूनही भागत नाही, कारण तिच्या रोधामुळे जुन्या पंख्याचा प्रवाह निम्म्यावर येऊ शकतो. पंखा, चलित्र व गाळणी यांचा एकत्रित विचार करावा लागतो.

आगीच्या दृष्टीने रुग्णालयातील जुनी तापन व शीतन उपकरणे विशेष धोकादायक असतात. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयातील नवजात शिशू कक्षास लागलेल्या आगीत १० बालके मृत्युमुखी पडली. आगीचा उगम बालकांना ऊब देणाऱ्या एका उपकरणातील बिघाडात असल्याचे चौकशीत पुढे आले. त्याच वर्षी २३ एप्रिल रोजी पहाटे विरार येथील एका खाजगी रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात वातानुकूलन संचापासून आग लागून १३ रुग्णांचा मृत्यू झाला. अशा कक्षांत ऑक्सिजनाचे प्रमाण वाढलेले असते, खिडक्या बंद असतात आणि यंत्रांना चोवीस तास विश्रांती नसते. म्हणून येथील सुट्या संचांच्या तारा, जोड व खटके यांची उष्णताचित्रण कॅमेऱ्याने वेळोवेळी तपासणी करावी. जुन्या तारांवर जादा संचांचा भार टाकू नये. पर्यायी संच नसेल तर एक कक्ष रिकामा करून तपासणी करावी, पण ती टाळू नये. वाहिन्या भिंतीतून जातात तेथे आग लागताच मिटणाऱ्या झडपा असतात. त्या गंजून उघड्या अडकलेल्या असतील, तर धूर एका विभागातून दुसऱ्यात जातो. दिल्लीतील उपहार चित्रपटगृहाच्या आगीत (१३ जून १९९७) ५९ प्रेक्षक मरण पावले, ते मुख्यतः धुराने गुदमरून. वाहिन्यांवरील थर्मोकोलचे जुने वेष्टन काढून अग्निरोधक वेष्टन घालणे हा दुरुस्तीचाच भाग मानावा.

नाट्यगृहे : नाट्यगृहाचा भार अल्पकाळ पण एकदम येतो. स्वस्थ बसलेला माणूस सु. ११५ वॉट उष्णता बाहेर टाकतो. १,००० प्रेक्षकांमुळेच सु. ३३ टनांचा भार येतो, ताजी हवा व रंगमंचावरील दिवे यांचा वेगळा. त्यामुळे प्रयोगापूर्वी तास-दीड तास यंत्रणा सुरू करावी लागते. डिझेल किंवा वीज वाचविण्यासाठी ती तिसऱ्या घंटेच्या सुमारास सुरू केली, तर पहिला अंक संपेपर्यंत सभागृह गार होत नाही. मे २०२३ मध्ये रत्नागिरी येथे अभिनेते भरत जाधव यांनी नाट्यगृहातील गैरसोयीबद्दल, विशेषतः वातानुकूलनाच्या अभावाबद्दल, रंगमंचावरूनच प्रेक्षकांची क्षमा मागितली होती. जाड पोशाख, रंगभूषा व प्रखर दिवे यांमुळे नटाला होणारा त्रास प्रेक्षकाहून अधिक असतो. नांदेडचे डॉ. शंकरराव चव्हाण प्रेक्षागृह किंवा तशा प्रकारची नगरपालिकांची नाट्यगृहे महिन्यातून मोजकेच दिवस भरतात. मधल्या काळात बंद राहिलेल्या संपीडकाची आधारके व तेलरोधक कोरडे पडतात. प्रयोग नसला तरी आठवड्यातून एकदा यंत्र चालविणे हितावह असते. दिव्यांच्या जागी एलईडी दिवे बसविल्याने भारही बराच उतरतो.

बाष्पशीतक : कचेऱ्या, प्रतीक्षागृहे व शाळा यांत केंद्रीय संयंत्र दुरुस्त करण्यापेक्षा बाष्पशीतक (‘डेझर्ट कूलर’) किंवा त्याचे मोठे, वाहिनीयुक्त रूप पुष्कळदा सोयीचे ठरते. हवा ४२° से. व आर्द्रता सु. १८% असेल, तर ओल्या तापमापकाचे तापमान सु. २२.५° से. भरते आणि चांगल्या शीतकातून सु. २६°–२७° से. ची हवा मिळते. वीज एक-दशांशाच्या आसपास लागते. जुलैमध्ये हवा ३०° से. व आर्द्रता ८०% असताना हेच उपकरण केवळ दमटपणा वाढविते. यातही क्षार बसतातच. लाकडी तंतूंचे ‘गवत’ दर उन्हाळ्याच्या आरंभी बदलावे, मधपोळ्यासारख्या जाळीचे गादे चार-पाच वर्षे टिकतात. टाकीतील पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण सोडून ती कोरडी करावी. अन्यथा डेंग्यू पसरविणाऱ्या डासांची पैदास तीतच होते. हे सोडलेले पाणी झाडांना घालता येते.

प्रशासकीय बाजू : सरकारी इमारतींच्या बाबतीत पाहणी, अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, निविदा व कार्यादेश असा क्रम सार्वजनिक बांधकाम विभागाच्या विद्युत् शाखेमार्फत पार पडतो. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपत असल्याने निधी वर्षअखेर मोकळा होतो आणि प्रत्यक्ष काम एप्रिल-मेमध्ये, यंत्रणेची सर्वाधिक गरज असताना, सुरू होते. मग संघनक उघडून ठेवलेला, नळ्या बाजारातून यावयाच्या आणि वॉर्डात पंखे, अशी स्थिती ओढवते. पाहणी पावसाळ्यात व काम डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात करण्याचे वेळापत्रक आदल्या वर्षीच ठरविले, तर हे टळू शकते. निविदेत केवळ किमतीची तुलना करण्याऐवजी १५ वर्षांचा वीज, पाणी व देखभाल यांचा खर्च धरून तुलना करावी. मोठ्या संयंत्रात खरेदीची किंमत या एकूण खर्चाचा लहान भाग असते. वार्षिक देखभाल करारात सुटे भाग अंतर्भूत आहेत की नाहीत, बिघाडानंतर किती तासांत तंत्रज्ञ आला पाहिजे आणि कोणती मापने नोंदवहीत लिहावयाची, हे स्पष्ट असावे लागते. कंपन्यांची सेवा केंद्रे हैदराबाद, पुणे किंवा छत्रपती संभाजीनगर येथे असल्यास तंत्रज्ञ येण्यास एक-दोन दिवस जातात. म्हणून संपर्कक, पट्टे, गाळण्या, रिले व एक पंखा-चलित्र इमारतीतच साठवून ठेवावे आणि संयंत्रावर काम करणाऱ्या स्थानिक कर्मचाऱ्याला दाब, तापमान व विद्युत् प्रवाह यांच्या नोंदी दर दोन तासांनी घेण्याचे शिक्षण द्यावे. जुन्या संयंत्राच्या खोलीत सापडणारी अशी जुनी नोंदवही, मग ती कितीही मळकट असो, दुरुस्तीस आलेल्या अभियंत्याला नव्या उपकरणांपेक्षा अधिक माहिती देते: संघननाचा दाब कोणत्या महिन्यापासून चढू लागला, तेल केव्हा घातले, कोणता पंप केव्हा बदलला, हे सर्व तीत ओळीने लिहिलेले असते.